कोरियन सेडान, करूळचा घाट आणि क्रँकशाफ्टमधली बर

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे, राहायला राजारामपुरीत. महिन्याला गाडी साधारण सोळाशे किलोमीटर पळते. रोजचं घर ते कारखाना, महिन्यातून दोनदा पुणे, एकदा गावी गडहिंग्लजला, आणि वर्षातून तीन-चार वेळा गगनबावड्यावरून कोकणात. आईचे गुडघे दुखतात, उंच गाडीत तिला चढता येत नाही, म्हणून सेडानच हवी. बायकोही चालवणार आहे. ह्युंदाईची व्हर्ना मनात भरली आहे. टर्बो डीसीटी चालवून बघितली, फार आवडली. दोन वर्षं वापरलेली तीच गाडी एकाकडे विकायलाही आहे. पण पाहुणे म्हणतात, "कोरियन गाडी पाच वर्षांत खुळखुळा होती, जपानीच घे." अमेरिकेत ह्युंदाईची इंजिनं जाम झाली होती असंही वाचलं. शिवाय सेडान आता घेतं कोण, उद्या स्पेअर मिळतील का? काय करू?

उत्तर : व्हर्ना घ्या. टर्बो डीसीटी, म्हणजे टर्बो इंजिन आणि दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मात्र घेऊ नका, नवी नाही आणि जुनीही नाही. तुमच्या वापराला साधं, बिनटर्बोचं १.५ एमपीआय पेट्रोल इंजिन बसतं. बायको शहरात जास्त चालवणार असेल तर आयव्हीटी ऑटोमॅटिक, नाहीतर सहा गिअरची मॅन्युअल. टर्बोचा जोर सोडवतच नसेल तर टर्बो मॅन्युअल घ्या. आता कारणं सांगतो, कारण पाहुण्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही.

ह्युंदाईने १९८६ साली अमेरिकेत एक्सेल नावाची स्वस्त गाडी नेली आणि पहिल्याच वर्षी १,६८,८८२ विकल्या. पुढे गंज, बारीकसारीक बिघाड आणि दर्जाच्या तक्रारींनी कंपनीचं नाव इतकं खराब झालं की पुढची दहा वर्षं तिथला माणूस ह्युंदाईकडे बघेना. "कोरियन म्हणजे कच्ची" हे मत त्या काळातलं आहे, आणि त्या काळापुरतं ते खरं होतं. १९९८ मध्ये कंपनीने तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. लोकांना ती जाहिरात वाटली. पण तुम्ही स्वतः माल बनवता, त्यामुळे तिचं खरं वजन तुम्हाला कळेल. दहा वर्षं रिजेक्शनचा खर्च आपल्याच माथ्यावर येणार असेल, तर तपासणी शेवटच्या टेबलावर ठेवून भागत नाही, ती पहिल्या ऑपरेशनपासून लावावी लागते. २००४ मध्ये जे. डी. पॉवर या अमेरिकी पाहणी संस्थेच्या नव्या गाड्यांच्या पाहणीत ह्युंदाई शंभर गाड्यांमागे १०२ तक्रारींवर आली, होंडाच्या बरोबरीला. सहा वर्षांत एवढी उडी मारणारे कारखाने फार थोडे. त्या दहा वर्षांच्या वॉरंटीत एक मेख होती : पूर्ण मुदत फक्त पहिल्या मालकाला मिळायची. वॉरंटीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा तो यासाठी.

इंजिनं जाम झाल्याचं तुम्ही वाचलं तेही खरं आहे. ती भानगड नीट समजून घ्या, कारण ती तुमच्याच धंद्यातली आहे. २००५ पासून ह्युंदाई अमेरिकेतल्या अलाबामात सोनाटा बनवू लागली. टोयोटा कॅमरी आणि होंडा अकॉर्ड यांच्या मध्यम सेडानच्या गढीत शिरायची तिची जिद्द होती. २०११ च्या सोनाटात थीटा-२ नावाची २.४ लिटर आणि २ लिटर टर्बो अशी दोन थेट इंधन फवारणीची इंजिनं आली. गाडी धडाक्यात खपली. मग चालत्या गाड्यांची इंजिनं ठोकू लागली, काही हायवेवर बंद पडली. सप्टेंबर २०१५ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी जवळपास १२ लाख गाड्या त्यात आल्या.

कारण काय सापडलं? क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यात, तेलासाठी जी तिरकी भोकं ड्रिल करतात, तिथली चिप (धातूचा किस) आणि बर (कडेला उरलेली धातूची धार) पुरती निघालीच नव्हती. जर्नलवरचं (बेअरिंग बसतं त्या गोल भागावरचं) भोक आणि आतलं भोक जिथे एकमेकांना छेदतं, त्या कडेला पातळ बर उभी राहते हे तुमच्या शॉपमधल्या पोराला विचारलं तरी तो सांगेल. बोट फिरवून ती लागत नाही. इंजिन चालू झालं की तेलाच्या दाबाने तो कण सुटतो आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे जाऊन तेलाची वाट अडवतो. बेअरिंगवर तेलाचा पापुद्रा राहिला नाही की धातूवर धातू घासतो. आधी खालून टकटक ऐकू येते, ती आरपीएमबरोबर वाढते, आणि पुढे बेअरिंग धरतं किंवा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाड्या परत बोलवायला उशीर केला म्हणून अमेरिकी सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांशी मिळून २१ कोटी डॉलरचा दंडाचा करार केला. त्यात ह्युंदाईचा वाटा १४ कोटींचा.

तुमच्या व्हर्नात थीटा-२ इंजिन नाही. आपल्याकडची १.५ लिटरची दोन्ही इंजिनं वेगळ्या घराण्यातली आहेत. म्हणून बिघाडाचा हिशेब देशाच्या नावाने मांडू नका. अमुक इंजिन, अमुक गिअरबॉक्स, अमुक कारखाना, अमुक तारखांमधलं उत्पादन, असा मांडा. व्हर्नाचंच उदाहरण घ्या. १३ फेब्रुवारी ते ६ जून २०२३ या काळात बनलेल्या १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक क्रेटा आणि व्हर्ना, एकूण ७,६९८ गाड्या, २०२४ च्या सुरुवातीला परत बोलावल्या होत्या. गिअरबॉक्समधल्या विजेवरच्या तेलपंपाच्या कंट्रोलरमध्ये दोष होता. ७ जूनला बनलेल्या गाडीशी त्याचा संबंध नाही. जपानी नावांनाही हे चुकलेलं नाही. इंधन पंपासाठी होंडाने २०२४ मध्ये भारतात ९० हजारांवर गाड्या परत बोलावल्या. तेवढ्याने होंडाची सिटी वाईट गाडी ठरत नाही. चासी नंबर टाकून तपासायचा, दोष असेल तर फुकट बदलून घ्यायचा.

स्पेअरची भीती निम्मी खरी आहे. भारतात ह्युंदाईने १९९९ ला अॅक्सेंट आणली, २००६ ला व्हर्ना, आणि आताची पिढी मार्च २०२३ मध्ये. तोवर लोक एसयूव्हीकडे वळले होते. मारुतीने सियाझ २०२५ मध्ये बंद केली. मैदानात सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया आणि व्हर्टस एवढ्याच उरल्या. तरी ह्युंदाईने या वर्गातून पाय काढला नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करारही तिने २०२३ मध्येच केला, म्हणजे इथून काढता पाय घेण्याचा बेत दिसत नाही. व्हर्नाचं १.५ इंजिन, गिअरबॉक्स आणि बरेच सेन्सर क्रेटाशी आणि कियाच्या सेल्टोसशी जुळतात. त्या गाड्या कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, तेव्हा यांत्रिक भागांची चिंता करू नका. अडचण येईल ती बॉडीच्या भागांची. पुढे बॉनेटच्या कडेने आणि मागे डिकीवर गाडीभर जाणारी जी दिव्याची पट्टी आहे, ती फक्त व्हर्नाची. दुचाकीने मागून हलका ठोसा दिला तरी तो भाग अख्खा बदलावा लागू शकतो. म्हणून पहिली पाच वर्षं झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारा) विमा सोडू नका.

आता डीसीटी. तुम्हाला आवडली यात नवल नाही. १६० पीएस, २५३ न्यूटन मीटर, आणि तोही १५०० आरपीएमपासून. मोकळ्या हायवेवर ही गाडी आपल्या किमतीत फार थोड्या गाड्यांना ऐकते. पण तिच्यातला सात गिअरचा बॉक्स कोरड्या क्लचचा आहे. आयव्हीटीत किंवा जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी सरकवताना जी घसरण होते ती तेलात होते आणि तेल उष्णता कूलरकडे वाहून नेतं. कोरड्या क्लचमध्ये प्लेटवर प्लेट हवेत घासते. उष्णता तिथेच कोंडते. ताशी चार-पाच किलोमीटरने सरकताना क्लच पूर्ण लागलेलाही नसतो आणि पूर्ण सुटलेलाही नसतो. कावळा नाक्यावरची संध्याकाळ, सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमधली रांग, हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे चढावर सरकणं : तुमच्या महिन्यातला बराच वेळ असाच जातो. त्यात चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर जे होतं, तेच इथे होतं, फक्त पायाला कळत नाही. आधी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येते, मग वास, मग गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना. सूचना आली तर गाडी सपाटीवर बाजूला घ्या, पी मध्ये टाका, इंजिन चालूच ठेवा आणि सूचना जाईपर्यंत थांबा.

ज्याची निम्म्याहून जास्त धाव मोकळ्या हायवेवर आहे, जो रांगेत पुढच्या गाडीशी एका गाडीचं अंतर सोडून मगच एकदम पुढे घेतो, त्याला हीच डीसीटी वर्षानुवर्षं सुख देईल. तुमच्या घरात दोघे चालवणार, रोज शहरातून जाणार, म्हणून नको म्हणतो.

एमपीआय घाटात रडते का? पाच माणसं आणि डिकी भरून कोकणातून गगनबावड्याकडे करूळ घाट चढताना तिला फिरवावं लागतं, हे खरं. ११५ पीएस आहेत, पण १४३.८ न्यूटन मीटरचा पूर्ण जोर ४५०० आरपीएमला मिळतो. तिसऱ्यात १८०० वर ओढत नेऊ नका. दुसऱ्यात टाका, काटा ३५०० ते ४००० वर राहू द्या. आवाज वाढेल, इंजिनाला काही होत नाही. कमी आरपीएमवर जड गिअरमध्ये घरघर करत चढवण्यानेच बेअरिंगवर जास्त ताण येतो. आयव्हीटी असेल तर लिव्हर मॅन्युअल बाजूला घेऊन आरपीएम वर धरा. उतरताना दुसरा गिअर लावा, ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबा. पावसाळ्यात धुक्यात पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्यांचे पॅड तळाला पोचेपर्यंत तापलेले असतात.

उंचीची काळजी शोरूमच्या दारात बसून मिटणार नाही. टेस्ट ड्राइव्हला घरचे चौघे आणि तुम्ही, असे पाच जण बसा आणि तुमच्या गल्लीतल्या, शिरोलीच्या रस्त्यावरच्या आणि जमलं तर गावच्या रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी तिरकी न घेता सरळ न्या. तळ लागला तर लगेच कळेल. आईंना पुढच्या आणि मागच्या दोन्ही सीटवरून उतरायला सांगा. सेडान खाली असते म्हणून चढणं सोपं, पण उठताना गुडघ्यावर जोर येतो, आणि व्हर्नाचं मागचं छत उतरतं असल्याने डोकं वाकवावं लागतं. पुढची सीट वर उचलून त्यांना तिथे बसवणं बहुतेक जास्त सोयीचं पडेल. डिकी ५२८ लिटरची आहे, तिची चिंता नाही.

ती दोन वर्षांची गाडी बघायला जाणारच असाल, किंवा जुनी एमपीआय मिळाली, तर आधी पुराचं बघा. जुलै २०२४ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती, म्हणजे २०२३ चं मॉडेलही पाण्यात उभं राहिलेलं असू शकतं. गाडी धुऊन, अत्तर मारून आलेली असते, पण सीटबेल्ट कुणी शेवटपर्यंत धुत नाही. सगळे बेल्ट सावकाश पूर्ण बाहेर ओढा, रिळापाशी असलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेष दिसली तर तिथूनच माघारी फिरा. ती नसेल तर पुढची सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा, ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलून खालचा स्पंज दाबा, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला, डॅशखालच्या फ्यूजबॉक्समध्ये तांब्याला हिरवट थर आहे का ते टॉर्चने बघा. विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. तो दाखवायला विक्रेता का-कू करत असेल तर भाव कितीही गोड असू दे, सोडा.

मग थंड इंजिन. तुम्ही पोचण्याआधी गाडी गरम करून ठेवू नका असं आधीच कळवा, बॉनेटला हात लावून खात्री करा. चालू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत खालून टकटक आली तर नको. गाडी सपाटीवर पाच मिनिटं बंद ठेवून डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. एफ आणि एल या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. तेल खालच्या खुणेला टेकलेलं असेल तर मालकाने लक्ष दिलेलं नाही. टर्बो असेल तर सर्व्हिसची प्रत्येक नोंद हवी, १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. टर्बोसारख्या थेट फवारणीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक वाल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे वाल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी धरते. फक्त छोट्या फेऱ्या मारलेल्या गाडीत हे लवकर होतं. एमपीआयला हा त्रास नाही, तिथे पेट्रोल वाल्व्हच्या मागेच फवारलं जातं. जुन्याच्या भावाचं म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला. विक्रेता आपल्या जुन्या बिलाचा आकडा पुढे करत असेल तर त्याला आजच्या नव्या गाडीचा भाव दाखवा.

गाडी घेतल्यावर तुम्ही काय करता यावर पुढची दहा वर्षं ठरतील. ह्युंदाईची साधी वॉरंटी तीन वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नाही. तुमची धाव वर्षाला वीस हजारांच्या आसपास, म्हणजे तुम्ही वर्षांवर मोजणारे. वाढीव वॉरंटी मूळ मुदत संपायच्या आत घ्या आणि तिच्यातून काय वगळलंय ते आधी वाचा. बाहेरून हॉर्न, दिवे, कॅमेरा लावताना वायरिंग कापू देऊ नका. एकदा वायर कापली की पुढे कुठलाही विजेचा दोष तुमच्यावर ढकलायला सोपं जातं. कपलर जोडून होणारं कामच करून घ्या. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच. पुस्तिकेत कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो : धूळ, छोट्या फेऱ्या, घाट, रांगा. कोल्हापूर-शिरोलीचा रोजचा वापर त्याच तक्त्यात बसतो, साध्या तक्त्यात नाही. आयव्हीटीचं तेल कधी बदलायचं तेही तिथेच बघा आणि "आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं कुणी म्हणालं तरी त्या तक्त्यावरच जा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. आपल्या पावसात ते पाणी शोषतं आणि पाणी मिसळलेलं तेल घाटात उकळतं.

पावसाळ्यात एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ करून ठेवा. व्हीनस कॉर्नरला किंवा कुठेही पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. चावी काढा, गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर घ्या. साध्या विम्यात पाण्याने गेलेलं इंजिन बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि ते मे महिन्यात नव्हे तर पॉलिसी काढतानाच.

नवी घेत असाल तर पैसे पूर्ण भरण्याआधी स्टॉकयार्डात जाऊन तीच गाडी बघा. चासी नंबर लिहून घ्या, डीलरकडून बनल्याचा महिना कागदावर मागा, आणि टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात तेही बघा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायरचे आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादा भलताच वेगळा निघाला तर तो का बदलला हे विचारल्याशिवाय सही करू नका.